दाताळं

आठवड्याचं भाडं दोन लाख दहा हजार युरो,
डिझेल, वाइन आणि बंदरपट्टी वेगळी.
माहितीपत्रकात छापलंय : 'जगाच्या नजरेतून सुटलेला किनारा.'
सुटलेला म्हणे.
माझ्या बापानं दोन वर्षं ह्या किनाऱ्यावरून
नजर हटवली नव्हती.

मी यॉटवर पाय धुण्याच्या कामाला आहे.
म्हणजे करारात 'तिसरी स्ट्युअर्डेस' असं आहे,
पण पाहुणे वाळूवरून परतले की
शिडीपाशी नळी घेऊन मीच उभी :
सागवानी डेकवर एक कण चढता कामा नये.
गुबगुबीत पाय, नखं रंगवलेली.
कोमट पाणी. पांढरा पंचा. पुढचा पाय.

बाप, पांदेली, तिकडे किनाऱ्यावर.
होडी यायच्या आत वाळूला दाताळं मारतो,
कोऱ्या वहीसारख्या बारीक रेघा,
मग छत्र्या, उशा, बर्फाच्या बादल्या.
दिवसाचे तीस युरो आणि उरलेलं कलिंगड.

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि दाताळं सरकारी.
रोज संध्याकाळी किनारा विंचरायचा,
रोज पहाटे वाचायचा :
कोल्हा. बकरी. वारा. पुन्हा कोल्हा.
माणूस निघाला तर वर कळवायचं.
समोर कॉर्फूचे दिवे, इतके जवळ
की कुणालाही वाटावं, हात लांबवला की झालं.
"दिवे मोजू नका," सार्जंट ओरडायचा,
"वाळू बघा."

परवा दुपारी नऊजण जेवायला उतरले,
होडीत परत आले आठ.
खोदेलीव्ह आजी नाहीत.
सून समुद्राकडे तोंड करून हाका मारू लागली,
कप्तानानं पाणबुड्या बोलावला,
भोंगा तीनदा वाजला.
मला होडीतून किनाऱ्यावर पिटाळलं.

बाप कमरेत वाकून चालत होता,
बोटानं हवेत ओळ धरून वाचावं तसा.
"डावा पाय ओढते.
इथं चपला काढल्या.
इथं थांबून बोटीकडे पाहिलं.
ह्याच्यापुढं नाही पाहिलं."

बंकरच्या मागं, अंजिराखाली, ती बसली होती
काँक्रीटच्या घुमटाला पाठ टेकून,
मांडीवर फुटलेली अंजिरं, हनुवटीला रस.
आम्हाला बघून जराही दचकली नाही.
बापानं वरच्या फांदीचं एक काढून तिला दिलं,
एक स्वतः खाल्लं, आणि बसला की.
भोंगा वाजतच होता.

"अशीच पावलं एकदा दिसली होती," तो मला म्हणाला,
"मार्चमधे. एक जोडी मोठी,
एक एवढीशी." तळहात दाखवला.
"पाण्यापर्यंत गेलेली."

मग?

"मग काय. दाताळं मारलं.
वर लिहून दिलं : कोल्हा."

पोचली का ती?

त्यानं सालं गोळा केली, बकरीसाठी, खिशात टाकली.
"जाणारी पावलं होती. येणारी नव्हती.
मला तेवढंच वाचता येतं."

शिडीपाशी मी नळी सुरू केली.
आजीनं पाय मागं घेतला,
आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली,
आणि ओल्या वाळूच्या पायांनी
थेट सागवानावरून चालत गेली, केबिनपर्यंत.
कप्तानानं माझ्याकडे पाहिलं.
मी फडकं घेऊन गुडघ्यावर बसले.
उजवा नीट. डावा ओढलेला.
शेवटचा दारापाशी थोडा वळलेला, माझ्याकडे असावा.
वाचून झालं, मग पुसलं.

सात वाजता नांगर उचलला.
पासपोर्ट सगळे एका खोक्यात, माझाही त्यातच,
त्याच्यावर अंजिराचा डाग कुठून आला देव जाणे.
किनाऱ्यावर बाप उद्याच्या बुकिंगसाठी रेघा मारत होता,
हात केला तर दिसलाही नसता.

कॉर्फू पाऊण तासावर.
आचारी कुरकुरत होता, एवढ्यात पूर्ण जेवण कसं वाढायचं?
मग फक्त सूप दिलं.
गार व्हायच्या आत पोचलो.